कुत्रेवाले काका, ग्लासवाले काका आणि आमचे मोरे गुरुजी

शिकवताना किस्से घडतात हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिक्षकच पुस्तक उघडून विद्यार्थी होऊन बसले, की जे घडतं त्याला तोड नाही. आम्ही तिघं दर रविवारी माझ्या घरी, रामवाडीत, अभ्यासाला बसायचो. अभ्यास किती झाला ते निकालात दिसलंच. किस्से मात्र एवढे साठलेत, की शाळेत डबा खाताना कोणी नुसतं 'काका' म्हटलं तरी मी सुरू होते. आज बसलाच आहात तर ऐका. मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो आणि मग मी चिडते.

तिघं म्हणजे एक मी, दिघे बाई, पेणच्या शाळेत चौथीला. दुसरी वैशाली, माझ्याच शाळेत पहिलीला, वयाने माझ्या लेकीएवढी. आणि तिसरे मोरे गुरुजी. रोह्याच्या आत, डोंगराकडेच्या एका गावात त्यांची शाळा. शिक्षक दोन असायला हवेत, दुसरी जागा कायम रिकामी. म्हणजे घंटा द्यायची गुरुजींनी आणि शिकवायचंही गुरुजींनीच.

अशात ठरलं, की वर्षानुवर्षं शिकवत आलेल्या शिक्षकांनीसुद्धा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. मुदतीत झालात तर ठीक, नाही तर घरी बसा. मला इतका संताप आला, की बालमानसशास्त्राचं नवंकोरं पुस्तक मी भिरकावलं. ते नेमकं गॅलरीत वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांवर पडलं. पापड मोडले. पुस्तकाला काही झालं नाही.

वैशालीला भीती नव्हती, ती ताजी डी.एड. होती. मला होती, पण घरात दुसरा पगार होता. गुरुजींचं तसं नव्हतं. ते नापास झाले तर त्यांची नोकरी जाणार आणि त्यांच्या शाळेला कुलूप लागणार. पोरांनी ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जायचं. पावसाळ्यात त्या ओढ्यातून पहिलीचं पोर कोण पाठवतंय, सांगा.

* * *

पहिली अडचण नावांची. मुलं कशी वाढतात, कशी शिकतात यावर ज्यांनी ज्यांनी डोकं चालवलं ते सगळे परदेशी. गुरुजींची जीभ त्या नावांवर घसरायची. एका रविवारी ते वैतागून म्हणाले, यांना आपण काका करून टाकू, काका कसा लक्षात राहतो.

झालं. घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लावणारे, ते कुत्रेवाले काका. पसरट ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतून 'आता कुठल्यात जास्त?' असं लहान मुलांना विचारणारे, ते ग्लासवाले काका. मुलाला एकट्याला जे जमत नाही ते कोणीतरी बोट धरलं की जमतं, असं सांगणारे बोटधरे काका. प्रत्येक काकाखाली बारीक अक्षरात खरं नाव लिहायचं, असा नियम मी केला. मला माहीत होतं, पेपरात काका येणार नाहीत.

तर वैशाली माझ्या गॅलरीत उभी राहून मोठमोठ्याने पाठ करत होती, की कुत्रेवाले काका आधी घंटा वाजवतात आणि मगच खायला देतात, आणि नंतर नंतर तर नुसतीच घंटा वाजवतात, खायला देतच नाहीत. पाचच मिनिटांत दारावर थापा. खालच्या मजल्यावरचे काका. त्यांनी कुत्रा पाळलाय, हे आम्ही तिघंही साफ विसरलो होतो.

"माझ्या कुत्र्याला मी खायला घालतो की नाही, याची चौकशी करणारे तुम्ही कोण?"

मी पुस्तक दाखवलं, चित्र दाखवलं, चहा दिला. काका काही थंड होईनात. शेवटी मोरे गुरुजींनी अगदी मनापासून विचारलं, "पण काका, तुमच्या कुत्र्याला घंटा कळते का ओ?"

ते काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.

* * *

ग्लासवाल्या काकांचा मातीचाही एक प्रयोग आहे. मातीचे दोन सारखे गोळे करायचे. मुलाच्या डोळ्यांदेखत एक लाटून त्याचा साप करायचा आणि विचारायचं, आता माती कुठे जास्त. सहा वर्षांचं मूल सापाकडे बोट दाखवतं, कारण तो लांब दिसतो. पुस्तकात तसं आहे, आणि पेपरात तेच बरोबर.

वैशालीला वाटलं, वर्गात करून बघू, म्हणजे डोक्यात बसेल. आता पेणमध्ये पहिलीच्या पोरांपुढे माती ठेवायची म्हणजे काय! निम्म्या वर्गाच्या घरी गणपतीचा कारखाना. तिने गोळे केले, साप केला, प्रश्न विचारला. पुढे बसलेल्या मुलीने तिच्याकडे असं पाहिलं, की बाईंना बरं नाहीये का.

"माती तेवढीच हाय बाई. ह्याची सोंड होईल, त्याचं पोट होईल."

मग तिने तो साप बाईंच्या हातातून काढून घेतला, बोटाला पाणी लावून वळवला आणि सोंड करून दाखवली. वर सांगितलं, की बाईंची माती नीट मळलेली नाही, वाळली की तडे जाणार.

वैशाली रविवारी आली ती रडकुंडीला येऊन. पोरगी बरोबर की पुस्तक बरोबर? पेपरात कुठला गोल काळा करायचा? मी म्हणाले, पेपरात पुस्तकाचा. वर्गात तुला काय करायचं ते कर.  गुरुजी मात्र त्या मुलीचंच ऐकत बसल्यासारखे बसले होते.

* * *

आणखी एक औषधवाले काका आहेत. यांची गोष्ट अशी, की एका माणसाची बायको मरायला टेकलीय, औषध एकाच दुकानदाराकडे आहे, आणि तो भलतीच किंमत सांगतोय. नवऱ्याने चोरी करावी की नाही? मूल काय उत्तर देतं आणि का देतं, त्यावरून त्याची नैतिक वाढ कुठल्या पायरीवर आहे ते ठरतं. शिक्षा होईल म्हणून नको, ही खालची पायरी. जीव महत्त्वाचा म्हणून चोरावं, ही वरची.

गुरुजींनी आपल्या वर्गाला गोष्ट सांगितली. पोरं जाम घाबरली, कारण गुरुजी गोष्ट सांगतात तेव्हा ती खरीच वाटते. बराच वेळ कुजबुज झाली आणि मग सगळ्यांच्या वतीने एकाने उत्तर दिलं, की दुकानदाराला विचारायचंच नाही. त्याच्या बायकोला सांगायचं. ती देते.

आता ही कुठली पायरी? आम्ही तिघांनी पुस्तक पालथं घातलं. कुठल्याच पायरीवर दुकानदाराची बायको नव्हती. मी म्हणाले, गुरुजी, असा प्रश्न आला तर सोडून द्या आणि पुढे जा.

हे मी सहज बोलले. गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. "सोडून?" त्यांनी विचारलं. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

* * *

लक्षात आलं ते केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणाऱ्या साहेबांच्या, भेटीचा किस्सा ऐकल्यावर.

गुरुजींच्या वर्गात दुर्वा नावाची मुलगी आहे, दुसरीत. शाळेत आल्यापासून तिने तिथे एक शब्द उच्चारलेला नाही. घरी तोंड मिटत नाही, असं आई सांगते. शाळेत लिहिते, ओळीखालून बोट नेत मनात वाचते, पण आवाज नाही. गुरुजी रोज तिला एक तरी प्रश्न विचारतात. मग तिच्यासमोर उकिडवे बसतात आणि म्हणतात, "मी थांबलोय गो. सावकाश." बस, एवढंच. दुसऱ्या कोणाला विचारत नाहीत, उत्तर पुरवत नाहीत. बाकीची पोरंही गप्प राहतात, त्यांना सवय झालीय. थोड्या वेळाने गुरुजी तिच्या डोक्यावर हात ठेवतात, 'उद्या' म्हणतात आणि उठतात.

साहेब आले आणि त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं. नाव विचारलं. गप्प. पुन्हा विचारलं, मोठ्याने. पोरगी थरथरायला लागली. गुरुजी पुढे झाले, तिच्यासमोर उकिडवे बसले. मी थांबलोय गो, सावकाश. वर्ग चिडीचूप. साहेब उभे, गुरुजी बसलेले. साहेबांनी घड्याळ बघितलं, घसा खाकरला, पुन्हा घड्याळ बघितलं. गुरुजी हलले नाहीत.

तेवढ्यात मागे खिचडीच्या टोपावरचं झाकण वाजलं. खिचडी रांधणाऱ्या मावशी झाकण वाजवतात, की पोरांनी ताटल्या घ्यायच्या, ही रोजची पद्धत.

"एक पोर उठलं नाय बाई," गुरुजी मला सांगत होते. "उठले फक्त साहेब."

कुत्रेवाले काका खरे ठरले म्हणून वैशाली लोळून हसली. मीही हसले. गुरुजी हसले नाहीत. साहेब जेवले आणि जाताना बजावून गेले, की एका पोरीपायी वर्गाचा वेळ घालवू नका, आणि आधी स्वतःच्या परीक्षेचं बघा, नाहीतर ही पोरगी बोलेल तेव्हा ऐकायला तुम्ही इथे नसाल.

हे सांगताना गुरुजींचा आवाज फाटला. 

* * *

त्यानंतर मी सरावाचे पेपर सुरू केले, मोबाइलवर वेळ लावून. आणि पहिल्याच पेपराला कळलं, गुरुजींना सगळं येतंय. काका येतायत, काकांची खरी नावं येतायत, गणित तर त्यांना झोपेतून उठवलं तरी येतं. पण एखाद्या प्रश्नावर अडले, की अडले. तिथेच बसायचे. पेन हातात, डोळे प्रश्नावर, आणि वेळ चाललाय.

वैशाली ओरडायची, गुरुजी, पुढचा घ्या. मी टेबलावर हात आपटायची. एकदा तर मी त्यांच्या हातून पेपर ओढून पान उलटलं. त्यांनी शांतपणे ते परत उलटलं.

"बाई, इचारलंय ना त्याने? मग उत्तर यायच्या आत त्याला टाकून कसं जायचं?"

मी म्हणाले, गुरुजी, ती दुर्वा नाहीये, तो कागद आहे. कागदाला वाईट वाटत नाही. त्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी चिडले, खूप बोलले, बोलू नये ते बोलले. पोरांच्या शाळेला तुमच्या हाताने कुलूप लावाल म्हणाले. ते चपला घालायला उठले. वैशालीने त्यांच्या चपलाच लपवल्या, म्हणून तो दिवस निभावला.

शेवटी तोडगा निघाला. अडलं की प्रश्नाच्या बाजूला पेनाने एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे 'उद्या'. हे गुरुजींना पटलं. टिंब देऊन ते पुढे जायला लागले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

* * *

परीक्षेचं केंद्र अलिबागला. आदल्या दिवशी गुरुजी आमच्याकडे मुक्कामाला आले. सकाळी एसटीने निघालो आणि वडखळला गाडी अडकली ती अडकलीच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. वैशाली घड्याळ बघून रडायला लागली. मी कंडक्टरशी भांडले, की काहीतरी करा, आमच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे.

"मॅडम," तो म्हणाला, "मी पण याच गाडीत आहे."

गाडीतले सगळे हसले.  गुरुजी मात्र खिडकीशी बसून काका पाठ करत होते, ओठ हलत होते. वाट मोकळी झाली तेव्हा ड्रायव्हरनेही गाडी अशी हाणली, की कार्लेखिंडीत मी देवाचं नाव घेतलं. केंद्राच्या फाटकावरचा माणूस फाटक ओढतच होता. आम्ही तिघं अर्ध्या उघड्या फाटकातून आत गेलो.

पेपर सुटला. मी बाहेर आले, वैशाली आली. गुरुजी सगळ्यांच्या शेवटी आले. चेहरा पांढरा. वडापावच्या गाडीपाशी उभं राहून ते पाणी प्यायले आणि त्यांनी सांगितलं, की काका सगळे ओळखले, एकानेही दगा दिला नाही. टिंबंही दिली. पण बालमानसशास्त्रात एक प्रश्न होता. वर्गातील एक मूल बोलत नाही. शिक्षक म्हणून तुम्ही प्रथम काय कराल?

मला आठवला तो प्रश्न. पालकांना बोलावेन, पुढच्या बाकावर बसवेन, मित्रांची मदत घेईन, तज्ज्ञाकडे पाठवेन, असे काहीतरी चार पर्याय होते. मी एक गोल काळा केला आणि विसरले.

"थांबेन, हा पर्यायच नव्हता बाई," गुरुजी म्हणाले. "मी चारही परत परत वाचले. मला वाटलं, असेल, माझ्याच नजरेतून सुटला असेल."

"टिंब दिलं नाहीत?" वैशालीने विचारलं.

त्यांनी मान हलवली. दुर्वावर टिंब देऊन पुढे जायला हात धजेना, म्हणाले. भान आलं तेव्हा शेवटची घंटा झाली होती. गणित, जे त्यांना झोपेत येतं, ते निम्मं कोरं राहिलं होतं. परतीच्या गाडीत कोणी काका काढला नाही.

* * *

निकाल शाळेच्या वेळेत लागला. वेबसाइट उघडेना, मी मोबाइलला शिव्या घालत होते, इकडे माझी चौथी बोंबलत होती. अखेर उघडली. वैशाली पास. मी पास, अगदी काठावर. गुरुजींचा नंबर मला पाठ होता. तो टाकला. नापास. थोडक्यात, पण नापास.

फोन लावला, बंद. वैशाली म्हणाली, रेंज नसेल. पण त्यांच्या शाळेत रेंज असते. रोज खिचडीच्या आधी ते पोरांचा एक फोटो आमच्या ग्रुपवर टाकतात, आणि त्यात दुर्वा कोपऱ्यात ओठ मिटून बसलेली असते. त्या दिवशी फोटो आला नव्हता. हल्ली काय काय कानावर येतं, तुम्हाला माहीत आहे. मी ते मनात येऊ देत नव्हते आणि ते येत होतं.

वर्ग शेजारच्या बाईंना सोपवले, मुख्याध्यापकांना कारण सांगितलं आणि वैशालीच्या स्कूटीवर निघालो. नागोठणं मागे पडलं. भिसे खिंडीत वैशाली मान न वळवता म्हणाली, बाई, मुदतीत अजून एक परीक्षा बसते. मी म्हणाले, तू गाडी चालव.

शाळेपाशी उतरलो. आवाज नाही. भरदिवसा पहिली-दुसरीच्या शाळेतून आवाज येत नाही, म्हणजे तुम्ही समजू शकता.  खिचडीच्या मावशी दारातच होत्या, तोंडाला पदर लावून.

"पोरांनी इचारलं, गुरुजी, पास झालात काय. तवापासून फळ्याकडं तोंड करून हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "मी झाकण वाजवलं. एक पोर उठलं नाय."

मी खिडकीतून आत पाहिलं. सगळी पोरं पट्ट्यांवर बसलेली, हाताची घडी घालून. गुरुजी फळ्यासमोर पाठमोरे. हातात खडू, फळा कोरा, आणि खांदे हलत होते. मी हाक मारणार होते. वैशालीने माझा हात घट्ट धरला.

कोपऱ्यातली मुलगी उठली. फोटोंमुळे मी तिला लगेच ओळखलं. ती पोरांच्या मधून वाट काढत फळ्यापर्यंत गेली आणि गुरुजींचा शर्ट ओढला. गुरुजी वळले. तिला बघून सवयीने खाली उकिडवे बसले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. दोघं समोरासमोर. गुरुजींचे ओठ हलले, पण शब्द फुटेना.

"मी थांबलेय गुरुजी," दुर्वा म्हणाली. "सावकाश."